नोकरीचा अनुभव नसताना एमबीएचा अर्ज: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी पायरी-पायरीने

दरवर्षी जुलै-ऑगस्टपासून माझ्याकडे फोन यायला सुरू होतात, कोण खानापूरचं, कोण चिकोडीचं, कोण शहापूर-वडगावातलं, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, सर एक्सपीरियन्स नाही, एमबीए मिळंल का? मिळतं की. भारतातले दोन वर्षांचे बहुतेक कोर्स अनुभवाची अट घालतच नाहीत. पण सीट हातची जाते ती दुसऱ्याच कारणांनी. कोण चुकीच्या कोर्सला फॉर्म भरतं, कोण जातीचा दाखला चुकीचा जोडतं, आणि बरेच जण नसलेला अनुभव ओढून-ताणून दाखवायला जातात आणि तिथंच अडकतात. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून काढलंय. क्रम मोडू नका, कारण तिसऱ्या पायरीचा कागद नसला तर चौथीला काहीच करता येत नाही.

१. आधी हे ठरवा: आत्ता जायचं की दोन वर्षांनी

हे घरात बसून, शांतपणे, कागदावर लिहून ठरवायचं. मित्र भरायलाय म्हणून मी पण भरतो, असं करून चालत नाही, फी २० लाखांच्या पुढं जाते मोठ्या ठिकाणी.

आत्ता जाणं कुणाला बरं? ज्यांचे दहावी-बारावी-डिग्रीचे मार्क चांगले आहेत, परीक्षेची तयारी झालीय किंवा होऊ शकते, आणि ज्यांना आपल्याला काय शिकायचंय ते दोन वाक्यांत सांगता येतं. दोन वर्षं थांबणं कुणाला बरं? ज्यांचे जुने मार्क कमी आहेत (ते आता बदलत नाहीत, पण अनुभव आला की तुमच्याबद्दल बोलायला दुसरं काहीतरी असतं), ज्यांच्या हातात चांगल्या कामाची ऑफर आहे, किंवा ज्यांच्या घरी आत्ता कर्जाचा भार झेपणार नाही. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. पण थांबायचं तर खरं काम करायचं, दोन वर्षं नुसता क्लास लावून बसलात तर इंटरव्ह्यूत तो गॅप म्हणूनच मोजला जातो.

अजून एक, जे आधी कोण सांगत नाही. कॅम्पसवर काही कंपन्या फक्त अनुभववाल्यांना बोलावतात, त्याला लॅटरल म्हणतात. फ्रेशरला त्या रांगेत उभं राहता येत नाही. बाकीच्या नोकऱ्या असतात, चांगल्या असतात, पण हे माहीत असू दे.

*तपासा:* "मी दोन वर्षं नोकरी करून का येत नाही?" याचं उत्तर चार ओळीत लिहा. लिहिता आलं नाही तर पुढची पायरी आठवडाभर थांबू दे, हा प्रश्न इंटरव्ह्यूत शंभर टक्के येणार आहे.

२. कुठलं दार उघडं आहे आणि कुठलं बंद

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. आयआयएमचा एक वर्षाचा कोर्स बघून पोरं खूश होतात, वर्ष वाचलं म्हणून. तो तुमच्यासाठी नाही. अहमदाबादचा पीजीपीएक्स किंवा बेंगळुरूचा ईपीजीपी हे कित्येक वर्षं नोकरी केलेल्या लोकांसाठी आहेत. आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा) मुख्य कोर्स, पीजीपी, २४ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव मागतो, अनुभव नसलेल्यांसाठी त्यांचा यंग लीडर्स नावाचा वेगळा कोर्स आहे, तो वेगळा बघायचा. "एक्झिक्युटिव्ह" हा शब्द नावात दिसला की अट वाचल्याशिवाय फी भरायची नाही.

तुमच्यासाठी उघडी असलेली दारं मी तीन गटांत धरतो.

पहिला गट, जिथं परीक्षा अधिक इंटरव्ह्यू आहे. आयआयएम (कॅट या परीक्षेवर), जमशेदपूरचं एक्सएलआरआय (एक्सॅटवर), पुण्यातल्या सिंबायोसिसच्या संस्था (स्नॅपवर), मुंबईचं एनएमआयएमएस (एनमॅटवर). आपल्याला जवळचं म्हणाल तर चोर्ला घाट उतरला की साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, आपल्या भागातली पोरं तिकडं का कमी बघतात मला कळत नाही.

दुसरा गट, जिथं नुसता रँक चालतो. कर्नाटकाची पीजीसीईटी आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी, या दोन प्रवेश परीक्षा. यांच्या सरकारी कौन्सेलिंगमध्ये निबंध नाही, अनुभवाचा रकाना नाही. मार्क, कॅटेगरी, कॉलेजांचे ऑप्शन, संपलं. अनुभव नसलेल्याला याच्याइतकं सरळ दार दुसरं नाही. मुंबईचं जमनालाल बजाज महाराष्ट्राच्या सीईटीतून मिळतं. आणि इकडं व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय तर आपल्या मच्छ्याला आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ भुतरामहट्टीला. घरात राहून, कमी खर्चात करायचं असेल तर ते पण खरं एमबीएच आहे, कमीपणा मानू नका.

तिसरा गट, बाहेरदेशी. यात दोन रस्ते. मास्टर्स इन मॅनेजमेंट, जो युरोपात मुळात फ्रेशरसाठीच आहे. नाहीतर डेफर्ड, म्हणजे शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा, सीट राखून ठेवायची आणि मधली काही वर्षं नोकरी करून मग जायचं, हार्वर्डचा टू प्लस टू हा त्यातला माहितीचा. डेफर्डला बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज चालतो. डिग्री होऊन वर्ष झालं की ते दार जवळजवळ बंद, हे दरवर्षी कोणाला तरी उशिरा कळतं.

*सावधान:* "परीक्षेशिवाय डायरेक्ट ॲडमिशन, मोठं कॉलेज, फक्त डोनेशन" म्हणणारे एजंट आपल्याकडं पण फिरतात, पुण्या-बेंगळुरूहून फोन येतात. कुठल्याच आयआयएममध्ये मॅनेजमेंट कोटा नाही. बाकीच्या कॉलेजात पैसे देण्याआधी कोर्सला एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आहे की नाही ते स्वतः बघा, एजंटानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कागदावर जाऊ नका.

३. कागदपत्रं: जून-जुलैत, परीक्षेच्या तयारीच्या आधी

ही पायरी मी मुद्दाम आधी ठेवलीय. आपल्या सीमाभागात कागदांचा घोळ बाकीच्यांपेक्षा जास्त असतो, एक कागद कन्नडात, एक मराठीत, एक इंग्रजीत, आणि प्रत्येकावर नाव वेगळं.

*नाव.* एसएसएलसी (दहावी) मार्क्स कार्डावर आडनाव आणि पुढं नुसती आद्याक्षरं, आधारवर बापाच्या नावासकट पूर्ण, आणि डिग्रीच्या मार्क्स कार्डावर तिसरंच काहीतरी. गावडे आडनाव एका कागदावर इंग्रजीत व्ही लावून, दुसऱ्यावर डब्ल्यू लावून. हे बारीक वाटतं पण परीक्षेच्या गेटवर आणि नंतर ॲडमिशनला अडवतात. नियम एकच धरा, फॉर्मवर नाव दहावीच्या मार्क्स कार्डाप्रमाणे, आणि आधार त्याला जुळवून घ्या. आधार दुरुस्तीला दिवस जातात म्हणून जूनमध्येच करा. जुळतच नसेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असं नोटरीचं ॲफिडेव्हिट करून ठेवा.

*मार्क.* एसएसएलसी ६२५ पैकी असते, सगळे विषय धरून. ५४० मिळाले असतील तर ८६.४ टक्के, एवढंच लिहायचं. तिसरी भाषा सोडून टक्केवारी वाढवायची नाही. पीयूसीला (अकरावी-बारावीला) सेकंड इयरचे ६०० पैकी, फर्स्ट इयर त्यात मिसळायचं नाही. डिग्रीला सीजीपीए असेल तर तुमच्या विद्यापीठाचा जो अधिकृत फॉर्म्युला आहे तोच लावायचा, मनानं दहानं गुणायचं नाही, आणि त्या फॉर्म्युल्याचा कागद कॉलेजातून सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवायचा.

*जातीचा दाखला.* इथं जरा हळू वाचा. कर्नाटकात मराठा समाज राज्याच्या मागासवर्गीय यादीतल्या ३बी गटात येतो. तो ३बी चा दाखला पीजीसीईटीला चालतो. पण कॅटला जी ओबीसी कॅटेगरी आहे ती केंद्राच्या यादीतली, नॉन-क्रीमी लेयर, आणि राज्याच्या यादीत आहात म्हणून आपोआप केंद्राच्या यादीत येत नाही. माझ्याकडं आलेल्या कितीतरी पोरांनी ३बी चा कागद जोडून ओबीसीवर टिक केलेलं होतं. शॉर्टलिस्ट आली, इंटरव्ह्यू झाला, आणि कागद तपासताना उमेदवारी गेली. म्हणून आधी केंद्राच्या कर्नाटकासाठीच्या यादीत आपल्या जातीचं नाव शोधा. असेल तर केंद्राच्या नमुन्यात दाखला काढा, आणि तो कुठल्या तारखेनंतरचा हवा ते त्या वर्षीच्या सूचनेत बघा. नसेल, आणि केंद्राच्या कुठल्याच आरक्षणात बसत नसाल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) बघा, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. पण शेती ५ एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असू दे, ईडब्ल्यूएस मिळत नाही. खानापूर-हुक्केरीकडं एकत्र कुटुंबाचा उतारा, म्हणजे आरटीसी, आजोबांच्या नावावर असतो, तो आधी तलाठ्याकडून नीट समजून घ्या.

नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातून) मिळणाऱ्या दाखल्यावर आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, असतो, पीजीसीईटीला तो लागतो. दाखला कन्नडात मिळाला तर इंग्रजीत पण मागा, नाहीतर भाषांतर करून नोटरी करा, लखनौ किंवा इंदूरच्या आयआयएममध्ये टेबलावर बसलेल्या माणसाला कन्नड वाचता येत नाही.

*स्टडी सर्टिफिकेट.* पीजीसीईटीच्या सरकारी सीटला साधारण अट अशी की कर्नाटकात सात वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. शाळेच्या सर्टिफिकेटवर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्याची) काउंटर-सही लागते. शाळा खानापूर तालुक्यातल्या कुठल्या तरी खेड्यात, हेडमास्तर बदललेले, बीईओ ऑफिस गावापासून लांब, यात दोन आठवडे सहज जातात.

*सीमाभागाची सवलत.* महाराष्ट्राच्या सीईटीला ८६५ वादग्रस्त गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या पोरांना महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून धरतात, त्याला टाइप ई म्हणतात. दहावी किंवा बारावी त्या भागातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून झालेली पाहिजे. गाव त्या यादीत असल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं अशी प्रमाणपत्रं लागतात. हे माहीत नसल्यामुळं आपली कितीतरी पोरं परराज्यातली म्हणून भरतात आणि मोजक्या सीटांसाठी भांडत बसतात. फॉर्मचा नमुना त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतलाच वापरा, मोठ्या भावाचा जुना नको.

*तपासा:* एका फाइलीत ही सगळी मूळ कागदं, तीन झेरॉक्स सेट, आणि मोबाइलमध्ये स्कॅन. फोटो काढलेला कागद चालत नाही, कडा कापल्या जातात. नीट स्कॅन करा.

४. परीक्षांचा क्रम

याच्यावर फार लिहीत नाही, क्लासवाले दिवसरात्र हेच सांगतात. क्रम एवढा: ऑगस्ट-सप्टेंबरात कॅटचं रजिस्ट्रेशन, नोव्हेंबर-डिसेंबरात एनमॅटची खिडकी, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सहसा कॅट (२०२४ ला २४ नोव्हेंबर, २०२५ ला ३०), डिसेंबरात स्नॅप, जानेवारीच्या पहिल्या रविवारी एक्सॅट, मग महाराष्ट्राची सीईटी आणि त्याच्याही नंतर पीजीसीईटी.

कॅट दोन तासांची, तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं, एका सेक्शनातला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. पर्यायवाल्या प्रश्नाला बरोबर तीन, चूक वजा एक. उत्तर टाइप करायचे जे प्रश्न असतात त्यांना वजा नाही, तेव्हा ते रिकामे सोडू नका. डिग्रीला ५० टक्के लागतात, एससी, एसटी आणि अपंगांना ४५. शेवटच्या वर्षाला असताना देता येते.

मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्यांना एकच सांगणं आहे. गणितात तुम्ही मागं नसता. मार बसतो तो इंग्रजी वाचनाच्या सेक्शनात, आणि आयआयएम प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ लावतात, म्हणजे गणितात ९९ पर्सेंटाइल आणि वाचनात ५५ असेल तर एकूण कितीही चांगला असू दे, बाहेर. रोज एक इंग्रजी अग्रलेख, आवाज न काढता, डिक्शनरी बाजूला ठेवून, आणि शेवटी त्याचा मुद्दा मराठीत एका ओळीत लिहायचा. जूनपासून केलं तर नोव्हेंबरला फरक पडतो. ऑक्टोबरात सुरू केलं तर नाही पडत.

*सावधान:* कॅटचा फॉर्म भरला म्हणजे कॅटवर ॲडमिशन देणाऱ्या सगळ्या ठिकाणी अर्ज गेला, असं समजू नका. त्या फॉर्मात फक्त आयआयएम येतात, आणि ते पण तुम्ही टिक केलेले. नवीन आयआयएमांचा एकत्र इंटरव्ह्यू असतो, त्याचं पण तिथंच टिक करायचं. दिल्लीचं एफएमएस, मुंबईचं एसपीजैन, गुरुग्रामचं एमडीआय, आयआयटींचे मॅनेजमेंट विभाग, या प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, शेवटची तारीख वेगळी. काहींची तारीख कॅटचा निकाल लागायच्या आधीच संपते. महाराष्ट्रात पण तसंच, सीईटी दिल्यावर कॅपचं (सरकारी प्रवेश फेऱ्यांचं) रजिस्ट्रेशन परत वेगळं करायचं आणि कागद तपासून घ्यायचे. सीईटीला चांगला स्कोर काढून कॅपच न भरलेला पोरगा मी बघितलाय, डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

५. अनुभवाचा रकाना: इथं खरं लिहा

आता मुख्य गोष्ट. ही मी स्वतःच्या अंगावरून शिकलोय. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत माझा प्रोजेक्ट होता, आठवड्यातून दोन-तीन दिवस जायचो. फॉर्म भरताना मित्र म्हणाला ते आठ महिने अनुभव म्हणून टाक, शून्य वाईट दिसतं. टाकले. एका मोठ्या संस्थेत इंटरव्ह्यूला बोलावलं, पहिलाच प्रश्न, पगाराची स्लिप दाखवा. नव्हती. पुढची वीस मिनिटं मी मेटलर्जीबद्दल जे काय चांगलं बोललो त्याला कसलीच किंमत राहिली नव्हती, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. शून्य लिहिलं असतं तर तोच प्रोजेक्ट माझी सगळ्यात मोठी जमेची बाजू होती.

काय मोजतात: डिग्रीनंतरची पूर्णवेळ, पगारी नोकरी. त्याला ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, बँकेत जमा झालेला पगार लागतो. फॉर्ममध्ये ज्या तारखेपर्यंतचा अनुभव विचारलाय त्या तारखेपर्यंतचेच महिने, ॲडमिशनपर्यंत होणारे नव्हे.

काय सहसा मोजत नाहीत: इंटर्नशिप, कॉलेजचा प्रोजेक्ट, अप्रेंटिसशिप, ट्यूशन घेणं, डिग्री चालू असताना केलेलं पार्ट टाइम. सीएच्या आर्टिकलशिपबद्दल प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा, वाचून भरा.

घरचा धंदा ही आपल्याकडची खरी अडचण. शहापुरात घरात पॉवरलूम आहेत, निपाणीला तंबाखूचा व्यापार आहे, खडेबाजारात दुकान आहे, आणि पोरगा बारावीपासून हिशेब बघतो. हा अनुभव खराच आहे. पण रकान्यात टाकायचा तर डिग्रीनंतरचा काळ, आणि तुमच्या नावानं कागद पाहिजे, फर्मचं जीएसटी, तुमचं इन्कम टॅक्स रिटर्न, बँकेतून मिळालेला पगार. वडिलांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं पुरत नाही. कागद नसतील तर रकान्यात शून्य टाका आणि तीच गोष्ट निबंधात, इंटरव्ह्यूत सांगा. तिथं पगाराची स्लिप कोण मागत नाही, तिथं तुम्हाला धंदा किती कळतो ते बघतात.

*तपासा:* फॉर्म सबमिट करायच्या आधी प्रत्येक रकान्यापुढं बोट ठेवून विचारा, याचा कागद माझ्या फाइलीत आहे का? नसेल तर तो आकडा काढा. कॅटच्या फॉर्मात नंतर फोटो, सही आणि परीक्षेचं शहर एवढंच बदलायला देतात, कॅटेगरी आणि मार्क नाही.

६. निबंध आणि शिफारसपत्र

एसओपी, म्हणजे कोर्स का करायचाय तो निबंध, सगळीकडं लागत नाही. जिथं लागतं तिथं फ्रेशरची चूक ठरलेली, मोठे शब्द. "मला लहानपणापासून नेतृत्वाची आवड आहे", "आजच्या जागतिक स्पर्धेच्या युगात". असं लिहिलेलं वाचून समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

त्याऐवजी तुम्ही स्वतः जे केलं, त्यातलं एक, आकड्यासकट. समजा गल्लीच्या गणपती मंडळाचा हिशेब तुमच्याकडं होता. तर असं लिहा: वर्गणी किती घरांतून यायची, पहिल्या वर्षी पावत्यांचा मेळ का लागला नाही, दुसऱ्या वर्षी तुम्ही काय बदललं, त्यावरून कार्यकर्त्यांशी भांडण झालं का, ते कसं मिटवलं, शेवटी शिल्लक किती राहिली. यात पैसा आहे, माणसं आहेत, चूक आहे, सुधारणा आहे. असंच २०१९ च्या पुरात चिकोडी-अथणीकडं मदत वाटपात होतात, कॉलेजच्या एनएसएस कॅम्पचं जेवण तुमच्याकडं होतं, घरचा ऊस कारखान्याला घालताना तोडणीच्या टोळीशी तुम्ही बोलायचात. पोरांना वाटतं हे गावाकडचं काय सांगायचं. हेच सांगायचं. मुंबई-दिल्लीच्या पोराकडं हे नसतं.

शेवटचा परिच्छेद: आता नेमकं काय येत नाही म्हणून शिकायला जायचंय. "मार्केटिंग शिकायचंय" नको. "आमची साडी व्यापाऱ्याच्या नावानं विकली जाते, आमच्या नावानं का जात नाही आणि त्यासाठी काय करावं लागतं ते मला कळत नाही", असं काहीतरी, तुमचं स्वतःचं.

शिफारसपत्र मागायचं तर मोठ्या पदाच्या माणसाकडं धावू नका. आमदाराचं किंवा संस्थेच्या चेअरमनचं पत्र, ज्यांनी तुम्हाला ओळखलं ते फक्त सहीच्या वेळी, त्याचा उपयोग नाही. प्रोजेक्ट गाइड, ज्या सरांनी तुम्हाला चुका करताना बघितलंय, ते बरे. महिनाभर आधी भेटा, तुमचा निबंध आणि केलेल्या कामांची एक पानी यादी त्यांना द्या. सर म्हणतील तूच लिहून आण, मी सही करतो. आदरानं सांगा, सर, तुमच्याच शब्दांत दोन प्रसंग लिहा, मी यादी दिलीय. सगळी पत्रं एकाच हातानं लिहिलेली असली की भाषेवरून लगेच ओळखू येतं. आणि सरांचा कॉलेजचा ईमेल आहे का विचारून ठेवा, बऱ्याच बाहेरदेशी संस्था साध्या जीमेलवरून आलेलं पत्र नीट धरत नाहीत.

७. इंटरव्ह्यू: फेब्रुवारी ते एप्रिल

अनुभववाल्याला त्याच्या कंपनीबद्दल विचारतात. तुमच्याकडं कंपनी नाही, म्हणून तीन गोष्टींवर येतात: डिग्रीचे विषय, तुमचं गाव, आणि एमबीए आत्ताच का.

डिग्रीचे विषय. बीकॉमवाल्यानं डेप्रिसिएशन आणि वर्किंग कॅपिटल, मेकॅनिकलवाल्यानं थर्मोचे नियम, बीएवाल्यानं इकॉनॉमिक्सचे मूळ सिद्धांत. दोन आवडते विषय निवडा आणि त्यांची पुस्तकं परत पहिल्यापासून वाचा. फ्रेशरला "विसरलो" म्हणायची सोय नसते, कालपर्यंत तर तेच शिकत होतात. येत नसेल तर "माहीत नाही सर" म्हणा आणि थांबा, अंदाजे ठोकत गेलात की पुढचे दहा प्रश्न त्याच खड्ड्यात जातात.

गाव. बेळगावचं नाव फॉर्मवर बघितलं की सीमाप्रश्न येणार, धरून चाला. इथं आपली पोरं एकतर भावनेनं पेटतात नाहीतर घाबरून काहीच बोलत नाहीत. घरातल्या आजोबांनी आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या असतात, ते मला कळतं, माझ्या पण घरात तेच. पण तिथं तुमचं मत बदलायला कोण बसलेलं नसतं, तुम्ही विचार कसा मांडता ते बघतात. तर क्रम असा ठेवा: १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग आणि १९६७ चा त्याचा अहवाल, महाराष्ट्राला तो मान्य नव्हता आणि कर्नाटकाला होता, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकेक वाक्यात. मग विचारलं तर तुमचं मत, शांतपणे. याच्याशिवाय १९२४ चं काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं झालं, २०१४ ला शहराचं नाव बेळगावी झालं, उद्यमबागेत काय बनतं, ऊस आणि तंबाखू कुठल्या तालुक्यांत, एवढं तयार ठेवा. आपल्याच गावातल्या धंद्याबद्दल काहीच न सांगता येणारा पोरगा एमबीएच्या टेबलावर फार कच्चा दिसतो.

आत्ताच का. पहिल्या पायरीला लिहिलेल्या चार ओळी काढा. आता त्या तोंडानं, इंग्रजीत, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पाठ करू नका. पाठ केलेलं मधेच तुटलं की परत जुळत नाही. इंग्रजी साधं चालतं, छोटी वाक्यं, सावकाश. आपले मराठी हेल आले तर येऊ देत.

*सावधान:* मॉक इंटरव्ह्यू मित्राबरोबर करू नका, तो हसतो आणि तुम्ही पण हसता. कॉलेजचे सर, बँकेत काम करणारे काका, कोणतरी वयानं मोठं आणि अनोळखी वाटेल असं माणूस बसवा. पाच वेळा पुरे.

८. पैसे

सीट मिळाल्यावर फी भरायला बऱ्याचदा आठ-दहा दिवसच मिळतात, म्हणून बँकेत जानेवारीतच जाऊन या. साध्या शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, आणि इथं आपल्या शेतकरी घरांची पंचाईत होते, कारण शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. गावठाणातलं घर, प्लॉट, एलआयसी, फिक्स डिपॉझिट असलं काही चालतं. पण मोठ्या संस्थांसाठी बँकांच्या वेगळ्या योजना आहेत, स्टेट बँकेचं स्कॉलर लोन त्यातलं, तिथं संस्थेच्या नावावर विनातारण मिळू शकतं. शिवाय नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, यादीतल्या संस्थांना विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, दुसरी सरकारी स्कॉलरशिप किंवा व्याजसवलत घेत नसाल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. तुमची संस्था यादीत आहे का ते आधी बघा, मग मॅनेजरला भेटा, आणि एका शाखेनं नाही म्हटलं तर तिथंच थांबू नका, दुसऱ्या शाखेत जा.

९. सीट मिळाली, पण डिग्रीचा निकाल नाही

शेवटच्या वर्षाच्या पोरांची ही शेवटची अडचण. संस्था जूनमध्ये सुरू होते आणि आपल्याकडचा सहाव्या किंवा आठव्या सेमिस्टरचा निकाल तोवर लागलेला नसतो. घाबरून सीट सोडू नका, असं केलेली पोरं आहेत. बहुतेक संस्था तात्पुरता प्रवेश देतात. त्यांना प्रिन्सिपल किंवा रजिस्ट्रारचं पत्र लागतं की अमुक तारखेपर्यंत या विद्यार्थ्याच्या डिग्रीच्या सगळ्या परीक्षा आणि प्रॅक्टिकल पूर्ण झालेत. हे पत्र संस्थेच्या नमुन्यातच लागतं, कॉलेजच्या नेहमीच्या बोनाफाइडवर भागत नाही. मूळ मार्क्स कार्ड आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट द्यायची पुढची तारीख ऑफर लेटरात असते, ती पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर मांडून ठेवा.

एखादा बॅकलॉग राहिलेला असेल तर तो संस्थेला लपवू नका, आणि शेवटच्या परीक्षेबरोबरच त्याचा फॉर्म भरलाय ना ते एप्रिलमध्येच कॉलेजच्या ऑफिसात विचारा. टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट पण तेव्हाच मागून ठेवा. एकदा हॉस्टेलात गेलात की बेळगावच्या ऑफिसात रांगेत उभं राहायला वडील किंवा धाकटी बहीणच जाणार, त्यांच्या नावानं एक अधिकारपत्र सही करून घरी ठेवून जा, त्याला तुमच्या आधारची झेरॉक्स जोडून.